ब्रसेल्समध्ये पोंदू कसा शिजतो

ऋषिपंचमीच्या भाजीसाठी बाकी सगळं जमलं होतं. भेंडी, लाल भोपळा, मक्याचं कणीस, अगदी अळूची पानंसुद्धा. अडलं होतं ते अंबाडीवर. आमच्या खालच्या मजल्यावर आफ्रिकेतल्या काँगोमधल्या, किन्शासाच्या एक बाई राहतात. त्यांना जिन्यात गाठून मोबाइलवरचा फोटो दाखवला, तर त्या खो खो हसल्या. "हे? हे तर न्गाय-न्गाय! चल शनिवारी माझ्याबरोबर."

शनिवारी त्या मला मातोंगेला घेऊन गेल्या. पोर्त द नामूरच्या चौकातून शोसे द वाव्रकडे वळलं की दोन-चार गल्ल्यांचा हा भाग लागतो. केस विणून देणारी सलोन, कापडाची दुकानं, रस्त्यावर मोठमोठ्याने गप्पा. आम्ही शिरलो त्या दुकानाच्या दारातच हिरव्या केळ्यांचे घड होते, मेण लावलेले मनगटाएवढे जाड कंद होते, खोक्यांत शेपटी तोंडाजवळ वळवून धुरावलेले काळे मासे होते, आणि आत भिंतीला लागून तीन आडवे फ्रीजर. गल्ल्यावरचा माणूस लाहोरकडचा. माझ्याशी उर्दूत, बाईंशी त्यांच्या लिंगाला भाषेत आणि फोनवर कुणाशी तरी फ्रेंचमध्ये भांडत होता. मातोंगेतली बरीचशी आफ्रिकन किराणा दुकानं भारत-पाकिस्तानकडच्या लोकांची आहेत, हे मला तेव्हा कळलं.

अंबाडी मिळाली. शेजारीच माठही होता, नाव 'बितेकुतेकु'. "मासळीत घालणार ना?" बाईंनी विचारलं. ऋषिपंचमीला मासळी म्हटल्यावर माझा चेहरा बघण्यासारखा झाला असणार.

काँगोली माणसं वयाने मोठ्या बाईला 'ममा' म्हणतात, म्हणून मीही त्यांना ममाच म्हणते. त्यांच्या स्वयंपाकघरात बसून गेल्या चार वर्षांत जे खाल्लं, पाहिलं आणि मग वाचून ताडून घेतलं, ते इथे लिहिते आहे. परदेशात गेलेली माणसं आपलं जेवण कसं टिकवतात, याबद्दल माझ्याही डोक्यात एक ठोकळेबाज समजूत होती: सामान मिळालं की झालं. ती समजूत ममांनी मोडली.

आधी एक घोळ निस्तरू. काँगो दोन आहेत. एक छोटा, ज्याची राजधानी ब्राझाव्हिल. तो फ्रेंचांकडे होता. दुसरा मोठा, भारताच्या सुमारे सत्तर टक्के आकाराचा, राजधानी किन्शासा. दोन्ही राजधान्या एकाच नदीच्या दोन काठांवर समोरासमोर आहेत, आणि नदी कितीही रुंद असली तरी दोन्हीकडची चूल जवळपास सारखीच. मी लिहिते आहे ते मोठ्या काँगोबद्दल. तिथे फ्रेंच ही राज्यकारभाराची भाषा आहे, त्याखेरीज लिंगाला, स्वाहिली, किकोंगो आणि चिलुबा अशा चार राष्ट्रभाषा, आणि जमाती दोनशेहून जास्त. त्यामुळे 'काँगोली जेवण' हा शब्द 'भारतीय जेवण' इतकाच ढोबळ आहे.

१८८५ ते १९०८ हा मुलूख बेल्जियमच्या राजाची, दुसऱ्या लिओपोल्डची, चक्क खासगी मालमत्ता होता. रबरासाठी तिथे जे अत्याचार झाले ते जगजाहीर आहेत. १९०८ मध्ये तो बेल्जियन सरकारकडे गेला आणि ३० जून १९६० रोजी स्वतंत्र झाला. गंमत अशी, की वसाहत असताना बेल्जियमने काँगोली माणसांना फारसं आपल्या देशात येऊच दिलं नाही. ब्रिटनने किंवा फ्रान्सने कामगार आणले तसं इथे घडलं नाही. १९६०च्या दशकात आले ते मुख्यतः विद्यार्थी. त्यांच्यासाठी ब्रसेल्सच्या ईक्सेल भागात वसतिगृह निघालं आणि त्याच्या आसपास बार, खानावळी, दुकानं उगवली. किन्शासातल्या एका रंगेल, रात्रभर जाग्या वस्तीचं नाव मातोंगे, तेच या भागाला चिकटलं. नव्वदच्या दशकात तिकडे हुकूमशहा मोबुटूची राजवट कोसळत गेली, मग युद्धं झाली आणि आश्रय मागणाऱ्यांची रीघ लागली. आज ब्रसेल्समधले बहुतेक काँगोली मातोंगेत राहत नाहीत, तिथलं भाडं परवडत नाही. ते तिथे येतात बाजाराला, केसांना आणि भेटायला. २०१८ मध्ये तिथल्याच एका छोट्या चौकाला स्वतंत्र काँगोच्या पहिल्या पंतप्रधानाचं, पात्रिस लुमुम्बाचं, नाव दिलं गेलं. ममा त्या चौकात पिशव्या खाली ठेवून दम खातात.

विष काढायची विद्या

मेण लावलेले जे कंद म्हटले ते कसावाचे. काँगोचं अर्धं जेवण या एका झाडावर उभं आहे: कंदापासून फुफू आणि क्वांगा, पानांपासून पोंदू. आपल्याला हे झाड परकं वाटतं, पण आपला साबुदाणा याच कंदाचा. तमिळनाडूत सेलमच्या आसपास कंद किसून, सत्त्व धुऊन, गोळ्या करून तो बनतो आणि एकादशीला आपल्या ताटात येतो.

हे झाड विषारी आहे. त्याच्या कंदात आणि पानांत लिनामारिन नावाचं द्रव्य असतं. कंद कापला, चेचला, किडीने पोखरला की पेशी फुटतात, लिनामारिनची गाठ झाडातल्याच एका विकराशी पडते आणि हायड्रोजन सायनाइड तयार होतं. कडू जातीत ते जास्त, गोड जातीत कमी. शेतकरी तरीही कडू जात लावतात, कारण उंदीर-डुकरं तिच्या वाटेला कमी जातात.

मग माणसाने हे खायचं कसं? उत्तर आहे पाणी आणि सबुरी. कंद सोलून ओढ्यात किंवा डबक्यात तीन-चार दिवस बुडवून ठेवतात. ते आंबतात, मऊ पडतात, पेशी आपोआप फुटतात आणि सायनाइड काही पाण्यात, काही हवेत निघून जातं. मग उन्हात वाळवायचे, उखळात कांडायचे, चाळायचे. हे झालं फुफूचं पीठ. त्याला जो आंबूस वास येतो, तो नवख्याला नकोसा वाटतो आणि ममांना माहेरचा.

फुफू म्हणजे काय हे मराठी माणसाला सांगणं सगळ्यात सोपं: उकड. मोदकाला काढतो तशी. पाणी उकळायचं, पीठ वैरायचं आणि लाकडी चाटूने गाठी होऊ न देता घोटत राहायचं. फरक इतकाच, की तेल-मीठ नाही, आणि ती घट्ट, चकचकीत, रबरासारखी होईपर्यंत घोटायची. किन्शासात कसावाच्या पिठात बऱ्याचदा मक्याचं पीठ मिसळतात. क्वांगा हा त्याचा प्रवासी भाऊ. भिजलेल्या कंदाचा लगदा वाटून, शिजवून, पानात घट्ट बांधून पुन्हा उकडलेला. तो कित्येक दिवस टिकतो, म्हणून नदीवरच्या बोटींत, बाजारात, प्रवासात तोच. आपल्याकडे दशम्या बांधून घेत तसा.

या विद्येतली एक पायरी गाळली तर काय होतं, याचं उत्तर भयंकर आहे. कोंझो नावाचा आजार आहे. एका दिवसात, कधी तासाभरात, दोन्ही पाय कायमचे लुळे पडतात. जास्त करून मुलांचे आणि बायकांचे. काँगोतल्याच याका नावाच्या भाषेत या शब्दाचा अर्थ 'बांधलेले पाय'. बेल्जियन काँगोत काम करणाऱ्या त्रोली या इटालियन डॉक्टरांनी १९३८ मध्ये त्याची पहिली नोंद केली. दुष्काळ पडला, युद्धात गाव सोडून पळावं लागलं की तीन दिवस भिजवायला वेळ कुणाकडे असतो? एका दिवसात कंद काढून पीठ केलं जातं. वर सायनाइडचा निचरा करायला शरीराला गंधक असलेली प्रथिनं लागतात, म्हणजे मासळी, शेंगा, डाळी, आणि नेमकी त्यांचीच तेव्हा वानवा असते. गरिबी आणि घाई एकत्र आली की हा आजार होतो. आपल्याकडे अळूची भाजी घशाला खाजते म्हणून चिंच घालायला आजी शिकवते, ती विद्या आणि ही विद्या एकाच घराण्यातली, फक्त इथे पणाला पाय लागलेले असतात.

परदेशात हा सगळा खटाटोप एका पिशवीत आला आहे. भिजवलेलं, वाळवलेलं, दळलेलं पीठ दुकानात मिळतं. जिथे मिळत नाही तिथे लोक रवा घोटतात, नाही तर बटाट्याच्या पावडरीत मका मिसळतात. ममांची एक भाची फिनलंडमध्ये असते, ती रव्याचा करते. ममा म्हणतात, "दिसायला फुफू. पोटाला विचारलं तर सांगेल की नाही."

पोंदू

आता पानं. कसावाची कोवळी पानं उखळात कुटून, तासन्तास शिजवून जी हिरवी, दाट भाजी होते ती पोंदू. हे लिंगाला नाव. किकोंगोकडचे तिला साका-साका म्हणतात, पूर्वेचे स्वाहिली बोलणारे सोंबे, कासाई-कटांगाकडचे मातांबा. त्यामुळे ब्रसेल्समध्ये अनोळखी काँगोली माणूस भेटला की मूळ गाव न विचारताच, तो या भाजीला काय म्हणतो यावरून निम्मा पत्ता लागतो.

मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ममांनी फ्रीजरमधून अर्ध्या किलोची एक हिरवी वीट काढली. कुटलेली, गोठवलेली पानं. मोठं पातेलं, भरपूर पाणी, आणि झाकण नाही. मी सवयीने झाकण ठेवायला गेले तर त्यांनी हातावर चापट मारली. "उघडं. वाईट ते वर जायला वाट नको?" लिनामारिन हा शब्द त्यांना ठाऊक नाही, पण पानं आधी फोडायची आणि मग उघडी उकळायची, यातला शब्दन् शब्द रसायनशास्त्राला धरून आहे. तासाभराने त्यात कांदा, हिरवी ढोबळी मिरची, लसूण, वांगं, धुरावलेल्या माशाचे तुकडे, आणि शेवटी लाल पाम तेल. काही घरांत वरून शेंगदाण्याचं लोणी. रंग शेवाळी, वास जंगलाचा आणि धुराचा. चव? अंदाजाने सांगते: पालेभाजीत सुकट घालून ती रात्रभर मुरवली तर तिच्या जवळपास.

किन्शासात ही पानं कुटणं हे काम नव्हे, ती वेळ असते. अंगणात दोघीतिघी एका उखळाभोवती, आळीपाळीने मुसळ, आणि गल्लीभरच्या बातम्या. इथे फ्लॅटमध्ये उखळ आणलं तर खालचा माणूस पोलिसांना बोलावेल. म्हणून गोठवलेली वीट. मी ममांना विचारलं, चवीत फरक पडतो का? त्या म्हणाल्या, "चवीत नाही. पण मला कुणाच्या घरात काय चाललंय ते कळत नाही."

लाल तेलाबद्दल थोडं. पाम तेल म्हटलं की आपल्याला रेशनवरचं फिकं पामोलिन आठवतं. हे तसलं नाही. हे न शुद्ध केलेलं, शेंदरी, गाजरासारख्या रंगाचं. याच पामच्या फळाच्या गराच्या रश्शात शिजवलेली कोंबडी म्हणजे मोआंबे, काँगोचा जवळजवळ राष्ट्रीय पदार्थ. पण या तेलाला इतिहासाचाही वास आहे. १९११ मध्ये लिव्हर या ब्रिटिश साबणवाल्याच्या कंपनीला काँगोत पाम तेलासाठी प्रचंड जमीन मिळाली. साबण इंग्लंडात बनायचा आणि झाडावर चढून घड तोडायचं काम गावकऱ्यांच्या माथी. पेंदे लोकांनी १९३१ मध्ये बंड केलं, त्यामागे या सक्तीचाही जाच होता. आणि काँगोत नोकऱ्या करून परतलेल्या गोऱ्या बेल्जियन कुटुंबांनी येताना काय आणलं? मोआंबेची चटक. आजही इथली काही म्हातारी बेल्जियन मंडळी रविवारी मोआंबे करतात. काँगोली माणूस बेल्जियमला पोचायच्या आधी त्याचं कालवण पोचलेलं होतं.

अस्सल कशाला म्हणायचं?

ममांच्या पसंतीचा पदार्थ मात्र पोंदू नाही. माकायाबू. म्हणजे खारवलेला कॉड मासा, भिजवून, तळून, टोमॅटो-कांद्यात परतलेला. कॉड हा उत्तर अटलांटिकच्या थंडगार पाण्यातला मासा. काँगोच्या नदीत तो कधी पोहला नाही, तो मीठ लावून जहाजांतून आला. किन्शासातली दुसरी लाडकी मासळी, 'तॉमसन', गोठलेल्या खोक्यांतून समुद्रापारहून येते. खुद्द कसावाचा जन्म दक्षिण अमेरिकेतला. पोर्तुगीजांनी तो सोळाव्या शतकाच्या सुमारास काँगोच्या किनाऱ्याला आणला. मिरची, शेंगदाणा, मकासुद्धा तिकडचेच. लिंगालात टेबलाला 'मेसा' म्हणतात आणि लोण्याला 'मांतेका', दोन्ही शब्द पोर्तुगीज.

हे वाचून कुणी हसणार असेल तर त्याने आपल्या फोडणीत पाहावं. बटाटा हा शब्दही पोर्तुगीज, पावही त्यांचाच, आणि मिरची-शेंगदाणा त्यांच्याच जहाजांतून उतरले. म्हणजे ज्यांनी काँगोला कसावा दिला त्यांनीच आपल्याला उपासाचा बटाटा दिला. 'परदेशात गेल्यावर जेवण बिघडतं, त्याचं अस्सलपण जातं' असं म्हणणाऱ्यांचा मला म्हणूनच कंटाळा येतो. हे जेवण घरी होतं तेव्हाही प्रवासीच होतं.

तरी काही गोष्टी खरोखर हरवतात. लिबोके घ्या. मासा, टोमॅटो, मिरची, कांदा पानाच्या पुडक्यात बांधून निखाऱ्यावर ठेवायचा. आपली पानगी किंवा हळदीच्या पानातल्या पातोळ्या आठवा. पान हे भांडं नसतं, तो मसाला असतो. ब्रसेल्समध्ये ते रानातलं रुंद पान सहजी मिळत नाही, म्हणून लोक केळीचं गोठवलेलं पान वापरतात, बहुतेकदा ॲल्युमिनियमची फॉइल. फॉइलला ममा 'दवाखान्याचं पान' म्हणतात.

आणि वास. धुरावलेला मासा परतायला घेतला की सगळ्या इमारतीला कळतं. एकदा जिन्यातल्या फलकावर कुणीतरी निनावी चिठ्ठी लावली होती: कृपया इतरांचा विचार करा. ममांनी ती वाचली, वर पुसटसं हसल्या, आणि त्या दिवसापासून मासळी फक्त रविवारी सकाळी, खिडक्या उघड्या टाकून. बोंबील भाजले म्हणून सोसायटीत कुरबुर ऐकलेल्या कुठल्याही मालवणी घराला यापुढचं सांगायला नको.

बॅगेत काय येतं

किन्शासाहून ब्रसेल्सला थेट विमान आहे, आणि त्या विमानाच्या सामानाच्या पट्ट्याशी उभं राहिलं तर निम्मा बाजार दिसतो. नियम कडक आहेत. युरोपात बाहेरून प्रवासी सामानात मांस आणि दुधाचे पदार्थ आणता येत नाहीत. डिसेंबर २०१९ पासून बहुतेक ताज्या पाल्याफळांनाही वनस्पती-आरोग्याचा दाखला लागतो. केळी, अननस, नारळ, खजूर आणि दुरियन एवढ्यांनाच सूट. म्हणजे आईने बागेतली पोंदूची पानं दिली तर तीही अडकणार.

सगळ्यात नाजूक विषय रानमांसाचा. माकड, साळिंदर, रानातलं छोटं हरीण हे धुरावून आणलं जातं. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने पॅरिसच्या चार्ल्स द गॉल विमानतळावरची झडती मोजून अंदाज बांधला होता, की आफ्रिकेतून तिथे प्रवासी सामानातून आठवड्याला सुमारे पाच टन रानमांस येत असावं. रोगांचा आणि दुर्मीळ प्राण्यांचा प्रश्न खरा आहे, त्यात सबब चालत नाही. पण यावरून 'ते लोक माकडं खातात' असं जे सरसकट बोललं जातं तेही खोटं. बहुतेक घरांत रोजचं जेवण म्हणजे भात, मादेसू, म्हणजे राजम्यासारखी शेंग, कोंबडी आणि पालेभाजी.

अळ्यांचं वेगळं. म्बिंझो नावाच्या सुरवंटासारख्या अळ्या काँगोत हंगामात झाडांवरून गोळा करून वाळवतात. प्रथिनांचा साठा असतो तो. मी खाल्ल्या आहेत. एकच. कुरकुरीत, धुराची चव, आणि माझ्या घशात सात पिढ्यांचं शाकाहारी माहेर आडवं आलं. ममांनी माझी समजूत काढली नाही, वाटी फक्त स्वतःकडे ओढून घेतली.

जास्तीचं ताट

आता जे मला नीट सांगायचं आहे ते. सामान मिळतं. पीठ, पानं, तेल, मासा, सगळं मातोंगेत आहे. जे मिळत नाही ते खाणारं माणूस.

किन्शासात स्वयंपाक माणसं मोजून करत नाहीत. जेवायच्या वेळी जो दारात असेल त्याला "याका तोल्या" म्हणायचं. ये, जेवू या. लहान मूल मोठ्यांच्या हातावर जगमधून पाणी घालतं, खाली भांडं धरतं. फुफूचा गोळा मधे. उजव्या हाताने लचका तोडायचा, बोटांत वळायचा, अंगठ्याने खड्डा करायचा आणि त्यात पोंदू उचलायचा. बायका-मुलं एका थाळ्याभोवती, पुरुष दुसऱ्या, हे जुन्या घरांत अजून.

हे वाचून कुणाला वाटेल की सुबत्ता आहे म्हणून. उलट आहे. किन्शासात असंख्य घरांत दिवसातून एकदाच चूल पेटते. काही घरांत आज मुलं जेवतात, उद्या मोठी. या प्रकाराला तिथले लोक 'देलेस्ताज' म्हणतात. हा फ्रेंच शब्द विजेच्या कपातीसाठीचा. आपल्या भाषेत भारनियमन. खाण्याचं भारनियमन! इतकी कडवट थट्टा भुकेल्या शहरालाच सुचते. आणि त्याच शहरात पाहुण्याला विचारल्याशिवाय जेवत नाहीत.

ममा तिकडे शाळेत भूगोल शिकवायच्या. इथे त्या वृद्धाश्रमात पाळ्यांवर काम करतात. एक आठवडा पहाटे, एक आठवडा रात्री. मुलगा संध्याकाळी सहाला खेळायला जातो, मुलगी दुपारी बाहेरच खाते, आणि भेटायला यायचं तर लोक आधी मेसेज करतात. पोंदू मात्र त्या अजूनही आठ माणसांचा करतात. उरलेला डब्यांत भरून फ्रीजरमध्ये. दुकानाच्या फ्रीजरमधून आलेली वीट शिजून परत घरच्या फ्रीजरमध्ये वीट होते. पहिल्यांदा डबा घेऊन त्या माझ्या दारात आल्या तेव्हा मला तो शेजारधर्म वाटला. नंतर कळलं, की त्यांना माणूस कमी पडत होतं.

माणसं गोळा करायच्या जागा मग मुद्दाम उभाराव्या लागतात. न्गांडा ही त्यातली एक. मूळ अर्थ कोळ्यांचा तात्पुरता तळ. पॅरिस-ब्रसेल्समध्ये १९८०-९०च्या दशकांत न्गांडा म्हणजे एखाद्या बाईने घरातच चालवलेली खानावळ-कम-बार, पाटी नाही, परवाना नाही, माहिती असेल त्यालाच दार. बिअर, भाजलेला बकरा, क्वांगा, गावाकडच्या बातम्या. नोकरी नसलेली, कागदपत्रं नसलेली बाईसुद्धा त्यावर घर चालवायची. आता बऱ्याच जणांनी रीतसर हॉटेलं काढली आहेत, पण ममा म्हणतात त्यात मजा नाही, बिल येतं.

दुसरी जागा लिकेलेम्बा. ही म्हणजे आपली भिशी, तंतोतंत. दहा-बारा जणी दरमहा ठरलेली रक्कम टाकतात, एकीला सगळी मिळते, पुढच्या महिन्यात दुसरीला. जिची पाळी तिच्याकडे जेवण. मी 'भिशी' हा शब्द ममांना शिकवला आहे. आता त्या मला फोनवर "बिशी, बिशी" म्हणून पळ काढतात.

तिसरी आणि सगळ्यात मोठी, मातांगा. किन्शासात कुणी गेलं की इथल्या नातेवाइकांना जाता येतंच असं नाही. तिकीट महाग, कागदपत्रांची अडचण. मग इथेच हॉल भाड्याने घेऊन रात्रभर बसतात. कुणी भाताचं पातेलं आणतं, कुणी मादेसू, कुणी मिकाते. मिकाते म्हणजे तळलेले गोड गोळे, आपल्या गुलगुल्यांसारखे. दारात एक वही असते, कुणी किती मदत दिली त्याची. ममांच्या भावाच्या मातांगाला मी गेले होते. दोनशे माणसं तरी असतील. ज्यांना मी ओळखत नव्हते त्या सगळ्यांनी मला विचारलं, जेवलीस का?

पूर्वेकडचे, आणि थेट अमेरिका

हे सगळं किन्शासावाल्यांचं. काँगोच्या पूर्वेकडचे, किवूकडचे लोक वेगळ्या वाटेने बाहेर पडले. १९९६ पासूनच्या युद्धांत ते टांझानिया, युगांडा, रवांडा, बुरुंडीच्या छावण्यांत गेले. टांझानियातली न्यारुगुसू छावणी १९९६ पासून आहे, तिथे जन्मलेली मुलं आता आईबाप झाली आहेत. छावणीतलं रेशन म्हणजे मक्याचं पीठ, डाळ किंवा घेवडा, तेल, मीठ. वर्षानुवर्षं. त्यांतले पुष्कळ जण अमेरिकेत पोचले. २०१६ या आर्थिक वर्षात अमेरिकेने सर्वांत जास्त निर्वासित काँगोचे घेतले, १६ हजारांहून जास्त.

त्यांची उकड कसावाची नसून बहुधा मक्याची, नाव उगाली किंवा बुगाली. सोंबेची पानं आशियाई दुकानाच्या फ्रीजरमध्ये मिळतात. आणि त्यांच्या रविवारच्या ताटात चपाती असते. शब्दही चपातीच. भारतीय व्यापाऱ्यांबरोबर ती पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर उतरली, स्वाहिलीबरोबर आत किवूपर्यंत गेली आणि आता निर्वासितांच्या हाताने अमेरिकेत. फक्त ती जाड, तेल लावून पदर सोडवलेली असते. आपण तिला पराठा म्हणू.

तिथल्या अनेक शहरांत निर्वासितांना सामुदायिक बागांत वाफे मिळतात. तिथे ते लेंगा-लेंगा लावतात. हा आपला माठ. अमेरिकन शेतकरी त्याच्या भाऊबंदांवर तणनाशक फवारतो, आणि कुंपणापलीकडे काँगोली आजी तो पाणी घालून वाढवते.

काही काँगोली ब्राझीललाही गेले, रिओ आणि साओ पावलोला. कसावाच्या माहेरी. ब्राझीलच्या उत्तरेकडे पारा प्रांतात कसावाचीच पानं सात दिवस उकळून मानिसोबा नावाचा पदार्थ करतात. हे मी ममांना मोठ्या उत्साहाने सांगितलं. त्या म्हणाल्या, "सात दिवस? गॅसचं बिल कोण भरतं?"

गेल्या आषाढी एकादशीला मी दोघांपुरती साबुदाण्याची खिचडी केली होती. मोजून, दोन वाट्या. बेल वाजली, दारात ममा, हातात रिकामा डबा, तो परत घ्यायला की द्यायला कोण जाणे. मी म्हटलं, "याका तोल्या." म्हटलं खरं, पण कढईत बघून मनात हिशेब सुरू झाला. आमच्या यजमानांनी न बोलता आपली बशी अर्धी केली.

ममांनी चमचा उचलला, दाणा बघितला. "हे कशाचं?"

"तुमच्याच कंदाचं. कसावा."

चमचा थांबला. "किती दिवस भिजवलंस?"

"दिवस कुठले ममा, रात्री भिजत घातला होता. पाच-सहा तास."

त्यांनी चमचा खाली ठेवला आणि माझ्या पायांकडे पाहिलं.